चौसष्ट फोन नव्या सर्व्हरवर नेताना

वाळूजच्या आमच्या कारखान्यात कामगारांच्या कमरेला बिनतारी फोन असतो. ज्या सर्व्हरवर फोनची नोंद, तोच सर्व्हर त्याचे कॉल जोडतो. ही यंत्रणा माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात नवा सर्व्हर जोडून जुना काढायचा होता. जुन्यावर चौसष्ट फोन होते. प्रत्येक फोन हातात घेऊन त्याची नव्यावर नोंद करायची आणि मगच जुना बंद करायचा, एवढंच काम. दोन दिवस मी शेडमागून शेड फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला नव्या सर्व्हरवर चौसष्ट आकडा दिसला. मी जुना काढला.

आकडा जुळला की मला एरवी स्वस्थ वाटतं. त्या दिवशी वाटेना. जुनी यादी काढून मी एकेक नंबर लावू लागलो.

"अहो, चौसष्टला चौसष्ट आहेत," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आता काय फोनांची हजेरी घेताय?"

एक्केचाळिसावा लागला नाही. मग नवी यादी नीट पाहिली. स्टोअरवाल्यांनी सकाळीच एक कोरा फोन परस्पर नव्या सर्व्हरवर नोंदवला होता. म्हणजे बेरीज बरोबर आणि आमचा एक फोन बाहेर.

तो फोन सांडपाण्याच्या प्लांटवरचा. तिथं एकच माणूस असतो, साठीकडे झुकलेले चाचा. टाकीत उतरण्याआधी त्यांनी गेटला फोन करायचा, वर आल्यावर पुन्हा करायचा. पंधरा मिनिटांत दुसरा फोन आला नाही तर गेटवरून माणसं धावतात. तो फोन पन्नास मिनिटं बंद होता, माझ्यामुळे.

मी पळत सुटलो. चाचांचा एक पाय टाकीच्या शिडीवर होता.

"चाचा, थांबा! वर या!"

"काय झालं साहेब, आग लागली का?"

"गेटला फोन लावला होता?"

"चार डाव लावला. लागंना. म्हणलं पंपाची जाळीच तर साफ करायची, धा मिनिटाचं काम."

"फोन लागला नाही तर उतरायचं नाही, माहीत आहे ना?"

"मला माहीत हाय. फोन लागत नाय, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी तिथंच कट्ट्यावर बसून त्यांच्या फोनची नोंद केली. दोनदा नंबर चुकला. चाचांनी गेटला कळवलं आणि तोंडाला मास्क चढवला.

"आता जावा साहेब. इथं लई वास मारतो."

मी गेलो नाही. घड्याळ बघत काठावर उभा राहिलो. बाराव्या मिनिटाला ते वर आले, हात पुसले, गेटला फोन केला. पलीकडचा "हां चाचा" मला ऐकू आला.

हिशेबाने बाकीचे सगळे फोन बरोबर असायला हवे होते. टेबलाशी परत येऊन मी बेचाळिसावा नंबर लावला.