सात दिवसांची जर्सी

माझा मित्र नैसर्गिक कारणाने गेला, असं त्याच्या मृत्यूच्या कागदावर लिहिलं होतं. छत्तीस वर्षांचा गडी, एका दमात दोन डक्ट खांद्यावर घेऊन जिना चढणारा, आणि नैसर्गिक! कागद वाचून माझ्या तोंडून जी शिवी गेली ती ऑफिसात कुणालाच कळली नाही, कारण ती अस्सल कोल्हापुरी होती. कळली असती तरी मी परत घेतली नसती.

तो एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेचे पत्र्याचे नळ, बसवायचा, मी कंपनीची बस चालवायचो. दोघेही कोल्हापूरचे, पण वेगवेगळ्या पेठांचे. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष ते कळायचं नाही. आमच्याकडे फुटबॉल टीव्हीवर बघायचा खेळ नव्हे. पेठेची तालीम, तालमीची टीम, आणि टीमसाठी घरदार विसरणारी माणसं. त्याची पेठ आणि माझी पेठ भिडली की त्या दिवशी सख्खे मावसभाऊही एकमेकांशी बोलत नाहीत. कतारला आल्यावर कंपनीच्या कामगार कॅम्पच्या एकाच खोलीत वरच्या-खालच्या खाटेवर आलो, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही गावाचं नाव ऐकून मिठी मारली आणि पेठेचं नाव ऐकून लगेच सोडली.

नियम त्यानेच काढला होता. गावाकडे दोन्ही टीमची मॅच झाली की हरणाऱ्याने सात दिवस जिंकणाऱ्याच्या पेठेची जर्सी घालायची. दुसऱ्याच्या पेठेची जर्सी अंगात घालणं म्हणजे आमच्यात नाक कापून हातात देणं. तो दोनदा हरला आणि दोन्ही वेळा पुरते सात दिवस माझी जर्सी घालून साइटवर गेला. संध्याकाळी धुवायचा, सकाळी ओलसर असली तरी तीच चढवायचा. जेवायच्या रांगेत मी मुद्दाम लोकांना दाखवायचो. तो म्हणायचा, "हस, हस. तुझी पाळी येऊ दे, मग बघतो तुला."

वर्ल्ड कपच्या आधीच्या मे महिन्यात माझी पाळी आली. गावाकडची फायनल आम्ही त्याच्या मोबाइलवर पाहिली आणि शेवटच्या पाच मिनिटांत माझी पेठ हरली. त्याने नाचून खाट मोडायची तेवढी बाकी ठेवली. मग पेटीतून आपली जांभळी जर्सी काढली. नऊ नंबरची, छातीवर मराठीत पेठेचं नाव. ती घडी करून माझ्या उशीवर ठेवली.

मी घातली नाही. आज डोकं दुखतंय म्हणालो. दुसऱ्या दिवशी, उद्या नक्की म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, ऊन किती आहे, आत दुसरा कपडा सहन होत नाही. त्याने दोन्ही वेळा मुकाट्याने घातली होती आणि मी सरळसरळ रडीचा डाव खेळत होतो. तो नुसता म्हणाला, "घालशील लगा. मी कुठं पळून चाललोय?"

चौथ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढतानाच त्याचा चेहरा उतरला होता. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी एक हॉटेल उभं राहत होतं, त्याच्या गच्चीवर काम होतं. गेटपाशी तो ओकला. मी फोरमनला म्हणालो, इसको वापस ले जाता हूँ. फोरमनने घड्याळ बघितलं. "नमक का पानी पिलाओ, ठीक हो जाएगा. यल्ला, यल्ला, जल्दी चलो." उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम आहे, पण तो जूनपासून. मे महिन्यातल्या उन्हाला तारीख कोण सांगणार? आणि मी तरी काय केलं? बस वळवली आणि निघून गेलो. नोकरी जाईल म्हणून घाबरलो, हे आता लिहितोय. त्या फोरमनचा मला जेवढा राग येतो तेवढाच माझा येतो.

संध्याकाळी परतताना तो बसच्या खिडकीला डोकं टेकून बसला. कॅम्पला सगळे उतरले, तो उतरला नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवरूनच ओरडलो, "उठ की मर्दा, हाफ टाइम संपला." मग मागे गेलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

शवपेटी गावाला गेली, सामान गेलं. चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, समदं मिळालं. जांभळी जर्सी तेवढी न्हाई दिसत."

"माझ्याकडं हाय, वहिनी. सात दिवस घालायची राहिलीया. घालून झाली की सुट्टीला येताना घेऊन येतो."

ती म्हणाली, "घाला. त्यांनी मला सांगितलं हुतं, तुम्ही टाळताय म्हणून."

सहा महिने मला ती उशीखालून काढवली नाही. नोव्हेंबरात वर्ल्ड कपसाठी इथलं शहर झेंड्यांनी भरलं, तेव्हा काढली. युनिफॉर्मच्या शर्टाखाली रोज घालायचो. सहाव्या दिवशी सुट्टी होती, म्हणून वरचा शर्ट न घालता समुद्रकाठच्या रस्त्यावर गेलो. मल्याळी पोरं ढोल बडवत चालली होती, कुणी ब्राझील, कुणी अर्जेंटिना. त्यांच्यातले कित्येक कॅम्पमधलेच, दहा-दहा वर्षं याच दिवसाची वाट बघणारे. आदल्याच दिवशी मोबाइलवर वाचलं होतं की परदेशी पेपरवाले यांना भाड्याचे पाठीराखे म्हणतात. काळ्या अंगावर अर्जेंटिनाची जर्सी दिसली की ती खोटी! ज्यांच्या बापजाद्यांनी आमचं गाव कधी बघितलं नाही, ते आम्हाला फुटबॉल कुणाचा ते शिकवणार. माझं टाळकं फिरलं होतं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

तेवढ्यात एक गोरा पत्रकार माइक घेऊन माझ्यापुढे आला. गोड बोलला. ही जर्सी कोणत्या देशाची, विचारलं. देशाची नाही, पेठेची, मी म्हणालो. त्याला कळलं नाही. मागे माझ्या मित्राने डक्ट बसवलेलं ते गार हवेचं हॉटेल दिसत होतं, कदाचित हा पत्रकार तिथेच उतरला असेल. त्याने हसून आवाज खाली आणला आणि विचारलं, खरं सांगा, ही घालायचे तुम्हाला किती पैसे दिले?

माझं इंग्रजी ड्रायव्हरचं. पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही.

"साहेब," मी म्हणालो, "जगातले सगळे पैसे दिले असते तरी मी ही घातली नसती. माझा मित्र जिवंत होता तेव्हा तो घाल म्हणाला, तरी घातली नव्हती."