पाणी शोधायला आलेला गोरा

बोअरच्या तोंडातून उडणाऱ्या भुकटीत तो हात धरायचा. मूठ आवळायचा, उघडायचा आणि भोवती जमलेल्यांना दाखवायचा. भुकटी बोटांमधून गळून गेली की म्हणायचा, "कोरडं हाये. पन लागन."

ते बाहत्तरच्या दुष्काळाचं साल होतं. परदेशातल्या कुठल्याशा चर्चची चार माणसं बोअर पाडायचं यंत्र घेऊन तीन महिन्यांसाठी आपल्या भागात आली होती. हा त्यांतला सगळ्यात तरुण. तिकडे त्याची शेती होती, ती भावावर सोपवून आला होता. किन्हीराजाच्या पलीकडे आमचं गाव. मी तिथल्या शाळेत मास्तर, मोडकंतोडकं इंग्रजी येणारा, म्हणून दुभाषा झालो. पण त्याला दुभाषा फारसा लागला नाही. तो आमच्या ओसरीवर जेवायचा आणि बोली माझ्या आईकडून उचलायचा. मी 'आहे' शिकवलं की म्हणायचा, "माय तर 'हाये' म्हनते."

काम सुरू करण्याआधी ते चौघं टोप्या काढून प्रार्थना करत. आमची बौद्ध वस्ती हे सगळं लांबून बघायची. एकदा आईने त्याला विचारलं, "तुह्या देवाले मराठी समजते काय रे?"

तो म्हणाला, "माह्यापेक्षा बरी समजत असन."

वस्तीत एकच विहीर होती आणि ती तळाला गेली होती. बाया दोराने आत उतरायच्या, वाटीने पाणी खरवडून घागर भरायच्या. हे पाहिलं त्या दिवशी तो जेवला नाही. शेजारची गिरजा ओल्या लुगड्याने वर आली, तेव्हा तिला म्हणाला, "बाई, आता थोडेच दिवस. मंग उतरू नोको."

गिरजा हसली. "तुह्या तोंडात साखर पडो, भाऊ."

पहिलं बोअर घरांच्या मधोमध घेतलं. काळा दगड लागला, त्याखाली पुन्हा काळाच दगड. दुसरं चिंचेपाशी घेतलं, तेही कोरडं गेलं. ते चालू असतानाच एका सकाळी विहिरीच्या कडेचा दगड निखळला आणि आत उतरलेल्या गिरजाच्या डोक्यात बसला.

यंत्र थांबवून तो धावत आला. दोर कमरेला बांधून तोच खाली गेला. तिला पाठीशी बांधून वर आणलं, तेव्हा ती गेलेली होती. तिला खाली ठेवलं, तरी त्याचे हात दोर सोडेनात. आईने एकेक बोट उकलून दोर सोडवला.

दुसऱ्या दिवशी चौघांतले साहेब यंत्र पुढे धनज गावाकडे न्यायचं म्हणाले. वयस्क, शांत माणूस. हा त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांचं बोलणं मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. हा म्हणाला, "मी त्या बाईला शब्द दिला होता." साहेब म्हणाले, "तिकडेही बाया विहिरीत उतरतात." हा जागचा हलला नाही. शेवटी साहेबांनी आणखी एक दिवस दिला.

तिसरं बोअर नाल्याच्या काठाला सुरू झालं. त्या सकाळी बाकी तिघांनी टोप्या काढल्या. ह्याने काढली नाही.

दुपार कलली तेव्हा त्याने भुकटी मुठीत धरली आणि मूठ उघडली. ओलसर ढेकूळ तसंच राहिलं. ते त्याने नाकाशी धरलं, गालाला लावलं. बातमी वस्तीभर गेली. बाया घागरी घेऊन आल्या. गिरजाची सासूसुद्धा आली आणि मागे उभी राहिली. भोकातून चिखल आला, थोडं गढूळ पाणी आलं. कोणी ओरडलं नाही. सगळे नुसते पुढे सरकले. मग पाणी कमी झालं, चिखल घट्ट झाला आणि पुन्हा कोरडी भुकटी उडू लागली.

तरी तो खाली खाली जात राहिला. साहेबांनी "पुरे" म्हटलेलं त्याने ऐकलं नाही. शेवटी खाली कुठेतरी पाइप अडकला. वर निघेना, फिरेना. चौघांनी जोर लावला, गावातली माणसं लागली. साखळी तुटली. साहेबांनी यंत्र बंद केलं. त्यांनी त्याला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागलं.

बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. तो भोकाशी मांडी घालून बसला. आई त्याला उठवायला गेली तर म्हणाला, "मी कायले आलो, माय? सांग ना. कायले आलो?"

आई त्याच्याशेजारी भोकाशी बसली.

पुढे धनजकडे पाणी लागल्याचं कानावर आलं. तेही यानेच काढलं की कसं, कळलं नाही. आमच्या गावात पावसाळ्यापर्यंत बाया विहिरीत उतरत राहिल्या. तीन महिने संपल्यावर तो मायदेशी गेला. पुन्हा इकडे आला नाही.

मला आठवतो तो आमच्या गावातून निघाला तो दिवस. जीप उभी होती. तो आईच्या पाया पडला आणि मान वर न करता वळला. आईने त्याला थांबवलं, आतून पाण्याचा गडवा भरून आणला.

"पे."

"नोको, माय. तुमाले लागन."

"घरात लय हाये. माह्या दारातून तहानलेला जाशीन काय?"

दोन्ही हातांनी गडवा धरून तो प्यायला. सगळं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि जीपमध्ये बसला. धूळ खाली बसेपर्यंत आई दारात उभी होती.

त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाही. भाकरीचं पीठ भिजवायला पाणी नव्हतं. आम्ही फुटाणे खाल्ले आणि झोपलो.