बाटलीत काय मेलं?

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होतो, चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा हे कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आज सुनेने फ्रीजमधला बर्फ वितळायला ठेवला आणि त्या ओल्या, गार वासाने अंधेरीची लॅब आठवली. गिरणी बंद पडून आमचे हे घरी बसले होते, म्हणून मी तिथे काचेच्या नळ्या धुवायला जायचे. एका शनिवारी मी फ्रीज पुसला, औषधांच्या बाटल्या परत आत ठेवल्या, पण साखर तपासायच्या औषधाची एक ओट्यावरच राहिली. सोमवारी रक्तातली साखर तपासताना नळीत गुलाबी रंग येईना. तपासणारे भाऊ ओरडले, "वाट लागली! एवढ्या उकाड्यात बाहेर राहिलं, एन्झाइम मेलं!" मी विचारलं, "भाऊ, त्यात जिवंत काय होतं?" "जिवंत नसतं गं ते." "मग मेलं कसं?" "डोकं नको खाऊ, जा, नळ्या धू." लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कामावरून काढत नाही, पण बाटली महाग आहे. पगारातून थोडे थोडे कापीन." आपल्या हातून काय मेलं ते न कळताच घरी गेले, आधी डोक्यावरून अंघोळ केली आणि मगच देवापाशी दिवा लावला. यांनी घाबरून विचारलं, "कोण गेलं गं?" जे जिवंतच नव्हतं ते मेलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. पैसे मात्र गणपतीआधीच्या पगाराला पूर्ण फिटले.