परड्यात उगवलेले साहेबाचे झाड

आमच्या घरामागचे परडे गेले ते एका शोभेच्या झाडामुळे. हे सांगितले की बेळगावातले माझे मित्र हसतात. त्यांच्या घरची जमीन कागदावर आहे, त्यांना हसणे परवडते.

सुप्याहून दिग्गीकडे जाणाऱ्या वाटेवर लाकडाचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या गोऱ्या साहेबाचा बंगला होता. त्याला लागून, दगड रचून केलेल्या गडग्यापलीकडे, आमचे घर. माझे वडील त्या बंगल्याचे माळी. साहेबाच्या मडमेने विलायतेहून एक रोप मागवले. ओल्या गोणपाटात गुंडाळून, लाकडी पेटीतून ते बैलगाडीने आले. ती त्याला सुमॅक म्हणे. त्याचा पाला गुरे खात नाहीत, लाकूड कशाला उपयोगी पडत नाही. कोवळ्या फांद्यांवर मात्र हरणाच्या नव्या शिंगांवर असते तशी मखमल, आणि थंडीत पाने लालभडक. ती लाली पाहून मडमेला आपल्या मुलखाची आठवण येई. आमच्या रानात पळस आणि सावर पेटतात, तिकडे तिने कधी मान वळवली नाही.

वडिलांनी ते झाड जिवापाड सांभाळले. उन्हाळ्यात त्यावर तट्ट्याची सावली केली, दोन्ही वेळा पाणी घातले. झाड मूठभर जाडीचे झाले आणि हिरवळीत, बुंध्यापासून चांगले लांब, कोंब दिसू लागले. वडिलांनी ते कोयत्याने छाटले. एक छाटला त्या जागी चार आले. मग त्यांनी त्याची खोड ओळखली. वरून कापून भागत नाही. माती ओली असताना कोंबाच्या मागे मागे मुळापर्यंत जावे लागते आणि मुळासकट उपटावे लागते. हिरवळीच्या बाजूने त्यांनी चर खणला आणि चरात आलेले प्रत्येक मूळ तोडले. हिरवळ वाचली. मुळे उरलेल्या बाजूला वळली, म्हणजे आमच्याकडे.

गडग्याखालून ती परड्यात आली. परड्यात आईची कोनफळे, कणगरे आणि सुरण. भात संपले की आमचे घर त्या कंदांवर पावसाळा गाठत असे. कंद काढायचे म्हणजे खोल खणायचे, आणि खणताना प्रत्येक वेळी सुमॅकच्या मुळांना घाव बसे. जिथे घाव तिथे कोंब. आई जितके खणी तितके साहेबाचे झाड वाढे.

मी त्या वेळी बेळगावात शिकत होतो. सुट्टीत येताना पेटीत कपड्यांपेक्षा स्वदेशीची पत्रके जास्त असत. परड्यातले कोंब पाहून मी कुदळ उचलली. वडिलांनी ती धरली.

"दुसऱ्याच्या हातचं हाय ते. त्याला हात लावू नगं."

"बंगल्यात उपटतोस की."

"तितं मडमबाईंनी सांगितलंय. हितं न्हाई सांगितलं."

"आणि जमीन? ती कुणाची?"

"कसणाऱ्याची. झाड लावणाऱ्याचं, जमीन कसणाऱ्याची. एका जागी दोन्ही ऱ्हातात."

हा आमच्या गावाचा जुना रिवाज. एकाच्या बांधावर दुसऱ्याच्या आजाने लावलेला फणस असतो, आणि फणस उतरले की ते मुकाट्याने लावणाऱ्याच्या घरी जातात. त्यावरून भांडण झालेले मी कधी ऐकले नव्हते.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "फणसाचे गरे तरी मिळत्यात. ह्याची काय पानं शिजवू? विचारा जाऊन तुमच्या बाईला."

वडील विचारून आले. मडमेने कारकुनाकडून निरोप दिला होता की कोंब असू द्यावेत, व्हरांड्यातून दाट झाडी छान दिसेल. वडिलांनी ते मानले. आईने उरलेल्या जागेत कंद लावले. दोन-तीन पावसाळ्यांत निम्मे परडे सुमॅकखाली गेले आणि कोंब मागच्या दारापर्यंत पोचले.

मग तो साहेब बदलून गेला आणि बिनबायकोचा दुसरा आला. त्याला चेंडू खेळायला सपाट पटांगण हवे होते. साहेबाला आणि कारकुनाला हद्द दाखवायला शानभाग आला. गावचे दप्तर त्याच्याच हाती. गडग्यावर पाय ठेवून तो म्हणाला, "हे झाड कुणाचं रे?"

"मडमबाईंचं," वडील म्हणाले.

"आणि ही पलीकडची?"

"तीबी त्यांचीच. एकाच मुळाची हायत."

मी मध्ये पडलो. "झाडं त्यांची, जमीन आमची."

"तुला विचारलं का? बेळगावचं वारं लागलंय पोराला." शानभाग वडिलांकडे वळला. "साहेबांची झाडं इथवर आहेत, म्हणजे बाग इथवर होती. तुम्ही पुढं सरकत आलात."

"न्हाई सायबा. झाड सरकत आलं."

"म्हणजे झाड चालत आलं, आणि तू बसून बघितलंस?" कारकून हसला. शानभागही हसला. साहेबाला त्यांनी काय सांगितले ते कळले नाही, पण तोही हसला.

वडिलांचा निम्मा रिवाज त्यांनी घेतला आणि निम्मा फेकून दिला. झाड लावणाऱ्याचे, एवढेच त्यांना ऐकू आले. वडील एकदा खोटे बोलले असते तर परडे राहिले असते. त्यांना ते सुचलेही नाही, आणि समोर उभ्या असलेल्या माणसांना खऱ्याशी काही देणेघेणे नव्हते. परसत्तेवर मी पुष्कळ पत्रके वाचली होती. ती इतक्या हसतमुखाने येते असे एकातही लिहिलेले नव्हते.

गडगा आमच्या मागच्या दारापर्यंत आला. मग हुकूम झाला, पटांगणासाठी सुमॅक मुळासकट काढा. काढणार कोण? माळी. जे झाड परडे वाचवायला उपटता आले नाही, ते साहेबाच्या चेंडूसाठी वडील उपटू लागले. मुळांबरोबर आईची कोनफळे वर येत होती, अजून पोसायची होती ती. वडिलांनी ती वेगळी ठेवली आणि कारकुनाला विचारले, "हे आमच्या बायकूच्या हातचं हाय. नेऊ का?"

"जमिनीतलं सगळं साहेबांचं," कारकून म्हणाला. "टाक त्या मुळांत, जाळायचंय."

आई दारातून ऐकत होती. ती गडगा ओलांडून सरळ आत गेली आणि ढिगातले कंद पदरात भरू लागली. कारकुनाने क्षणभर पाहिले आणि मग हात हलवला.

"घेऊ दे, घेऊ दे. गरिबाचं पोट भरेल."

आई थांबली. तिने पदराचे टोक सोडले. कंद मातीत घरंगळले. ती आली तशीच परत गेली. वडील खाली पाहून खणत राहिले.