खळ्यात विचारलेला प्रश्न

आमच्या घरात थोरल्या दिरांशी मी कधी बोलले नाही. भांडण काही नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढायचा आणि तोंड उघडायचं नाही, अशी रीतच होती. मला काही सांगायचं असलं की ते जाऊबाईंकडे बघून म्हणायचे, "तिला म्हनावं, वैरण भिजतीया." मी तिथंच चार हातांवर उभी असायची. मग मी जाऊबाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि त्या ते मोठ्यानं सांगायच्या. कधी मी म्हटलेलंच सांगायच्या, कधी दिरांना बरं वाटेल ते. माझा आवाज कसा आहे हे दिरांना ठाऊक नसावं.

माझ्या मुलीचे वडील फौजेत होते. लढाईसाठी बाहेर देशी जायच्या आधी ते सुट्टीवर उंब्रजला आले आणि मला न् मुलीला घेऊन सांगलीला गेले. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटारी कोळशावर चालत. चढ आला की सगळ्यांनी खाली उतरायचं. सांगलीच्या एका बँकेत ट्रस्टी खातं म्हणून एक वेगळा विभाग होता. आपली पुंजी तिथं सोपवायची, ती कुणासाठी आणि कशासाठी ते सांगून ठेवायचं, मग माणूस जवळ नसला तरी बँक त्याच्या शब्दाप्रमाणे वागते, असं त्यांनी मला वाटेत समजावलं.

त्या खात्यातले कारकून काळी टोपी घातलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एकदा माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं आणि मग 'तुमच्या माघारी' हा शब्द एकदाही काढला नाही. दर वेळी "तुम्ही इथं हजर नसाल तेव्हा" असंच म्हणाले. शेवटी ठरलं ते असं. पैसा मुलीचा. तो तिच्या शिक्षणाला लावायचा आणि उरेल तो ती मोठी झाली की तिच्या हाती द्यायचा. दुसऱ्या कशासाठी काढायचा झाला तर तिच्या आईनं स्वतः मागितला पाहिजे आणि त्यात मुलीचं हित आहे हे बँकेला पटलं पाहिजे. 'आईनं स्वतः' हे मुलीच्या वडिलांनीच घालायला सांगितलं. हसून म्हणाले, "ही जेवताना मीठसुद्धा मागत न्हाई, साहेब. पैसा शाबूत राहील."

पुढं तार आली. त्याबद्दल मला लिहवत नाही.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी आमच्या बांधाला लागून असलेलं ओलिताखालचं रान विकायला निघालं. दिरांचा जीव त्यात अडकला. ते वाईट माणूस नव्हते. मला आणि मुलीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही. पण भावाचा पैसा म्हणजे घरचा पैसा, यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. जेवताना ते जाऊबाईंना म्हणाले, "दुसऱ्या कुनी घेतलं तर आपली वाट बंद हुईल. तिकडं सांगलीत पैसा नुसता पडून हाय. तिला म्हनावं, पोरीचं बी भलंच हाय ह्यात."

जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ती म्हनती, तुमी कराल ते खरं."

मी काहीच म्हटलं नव्हतं. दिरांनी बँकेला पत्र धाडलं की मुलीच्या आईला पैसे हवेत. उत्तर आलं की आमचा माणूस येऊन आईलाच विचारील.

मग माझी झोप उडाली. मुलीला मांडीवर घेतलं की वाटायचं, हिच्या वडिलांनी एवढी एकच गोष्ट हिच्यासाठी मागं ठेवली आणि ती माझ्या एका मान हलवण्यानं जाणार. आणि नको म्हणावं तर राहायचं याच घरात. माहेरी आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. त्या दिवसांत दीर मुलीला रोज गूळ आणून द्यायचे. ते पाहून मला आणखीच धास्ती वाटायची.

कारकून आले तेव्हा आमची ज्वारीची मळणी चालली होती. तेच गृहस्थ होते. मोटारतळापासून रानापर्यंत छत्री धरून चालत आले. आम्ही बैल सोडले, पाहुण्यांना पाणी दिलं. दिरांनी रान दाखवलं. मग कारकुनांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

जाऊबाई म्हणाल्या, "तिची कायबी हरकत न्हाई."

"मला त्यांच्या तोंडून ऐकायला हवं."

"ती माज्यासमोर बोलत न्हाई," दीर म्हणाले. "आमच्यात तशी रीत न्हाई."

"मग मी त्यांच्याशी एकट्यानं बोलतो. नाहीतरी आमचा नियम तोच आहे."

दीर ताडकन म्हणाले, "कपाळ पांढरं झालेली बाई परक्या बाप्याजवळ एकली बसंल? गाव काय म्हनंल?"

कारकुनांनी इकडंतिकडं पाहिलं. "त्या खळ्यात बसतो. चारी बाजूंनी मोकळं आहे. गावाला दिसू दे, तुम्हालाही दिसू दे. फक्त ऐकू जायला नको."

दिरांना नाही म्हणता येईना. खळ्याच्या कडेला कारकुनांनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी आत आले. सांगलीच्या माणसाला हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. बांधावरून जाऊबाई दिरांना म्हणाल्या ते मला ऐकू आलं, "निदान धान्याची लाज हाय मानसाला."

मी मुलीला घेऊन त्यांच्यापासून लांब, दिरांकडे पाठ करून बसले. पाठीवर त्यांची नजर जाणवत होती.

कारकुनांनी विचारलं, "जमिनीसाठी पैसे हवेत असं पत्र आलंय. ते तुमचं म्हणणं आहे का?"

मी मान हलवली.

"का मुलीच्या शिक्षणालाच राहू द्यायचे?"

मी तेव्हाही मान हलवली.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझंच चुकलं. तुम्हाला होय-नाहीचं विचारायला नको होतं. घरोघरी बायका मला सगळ्यालाच मान हलवतात, आणि कागदावर काही मान लिहिता येत नाही." मग म्हणाले, "असं सांगा, रान घेतलं तर कागद कुणाच्या नावावर होईल?"

घरात सगळे दिरांना दादा म्हणायचे. मी म्हणाले, "दादांच्या."

"आणि मुलगी लग्न होऊन गेली की त्या रानात तिचं काय?"

याचा विचार मी केलाच नव्हता. पण उत्तर मला येत होतं. आमच्यात लेकीला रानात वाटा कुठला. "कायबी न्हाई," मी म्हणाले.

"हे बघा, नको म्हणा असं सांगायला मी आलेलो नाही. दिरांचं म्हणणं खोटं नाही. घर चाललं तर तुम्हीही चालाल. तुम्ही हो म्हणालात तर तसं लिहून वरच्यांपुढं ठेवीन. पण शब्द तुमचा पाहिजे."

मागं दिरांच्या खाकरण्याचा आवाज आला. ते बांधावरून उठून उभे राहिले असावेत. मी विचारलं, "म्या नगं म्हनलं, तर आमी दोघींनी राहायचं कुठं?"

त्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग म्हणाले, "त्याचं वचन मी देऊ शकत नाही. खोटं कशाला सांगू? एवढं करता येईल, की नकार बँकेचा असेल. तुम्ही इथं काय बोललात ते मी कुणाला सांगणार नाही, आमच्या कामात ते बसत नाही. शिव्या आम्हाला पडतील. आम्हाला सवय आहे."

मुलगी ज्वारीचे दाणे मुठीत भरून ओतत बसली होती. मी म्हणाले, "पोरीचा पैसा पोरीलाच ऱ्हाऊ द्या." माझा आवाज इतका मोठा आला की मुलीनं वर बघितलं. बांधापर्यंत गेला की काय म्हणून मी पदर आणखी पुढे ओढला. कारकुनांनी ते लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली.

बाहेर जाऊन त्यांनी बूट चढवले आणि दिरांना सांगितलं, "बँकेला हे मान्य होईल असं मला वाटत नाही. मी तसंच कळवणार आहे."

"तिनं काय सांगितलं ते बोला की."

"ते मला सांगता येत नाही."

"आवं, आमच्याच घरची बाई हाय ती."

"म्हणूनच," ते म्हणाले आणि छत्री उघडून निघाले.

दीर त्यांच्याकडे बघत राहिले. मग जाऊबाईंना म्हणाले, "इचार तिला. काय बोलली ती?"

जाऊबाई खळ्यात आल्या आणि नेहमीसारखा कान माझ्या तोंडाशी आणला. खोटं बोलायचं मी ठरवलं होतं, पण त्यांच्याशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "म्या नगं म्हनलं."

त्या तशाच वाकून राहिल्या. कारकून नकार बँकेवर घेऊन गेले होते, पण आता सगळं यांच्या हाती होतं. त्या सरळ झाल्या आणि नवऱ्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ती म्हनती, म्या लय हात जोडलं, पर त्यो बाबा ऐकायलाच तयार न्हाई."

दीर थुंकले. "सांगलीची मानसं. बँक न्हवं, बांडगूळ हाय," म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

आम्ही दोघी कणसं पसरू लागलो. मी हळूच विचारलं, "आक्का, असं का सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हीर खांदायला माज्या पाटल्या मोडल्या. हीर माजीच हाय म्हनत्यात समदी. तवा मला कुनी खळ्यात न्हेऊन इचारलं न्हाई." मग म्हणाल्या, "हात चालीव. बगत्यात त्ये."

रान दुसऱ्यानं घेतलं. दीर म्हणत होते तशी त्यानं वाट बंद केलीच, आणि आम्हाला ओढ्यावरून फिरून जावं लागू लागलं. ते प्रत्येक खेपेला बँकेचा उद्धार करायचे आणि मी पदराआड गप्प चालायची. मुलीची चौथी झाल्यावर बँकेकडून सांगलीच्या मुलींच्या शाळेची फी आणि तिथं राहण्याजेवण्याचा खर्च येऊ लागला. ती निघाली त्या दिवशी दिरांनी ट्रंक स्वतः खांद्यावर घेतली. मोटार येईपर्यंत बँकेला बोल लावत होते. मोटार आली तेव्हा ड्रायव्हरला म्हणाले, "पोरीला फुडं बसीव रं. मागं धुरळा लय येतो."