स्वल्पविराम

साम्राज्याच्या सभा दोन. धाकटी लोकांनी निवडलेली, थोरली सम्राटांनी नेमलेली. धाकटीत दिवसभर हमरीतुमरी चाले, मग हात वर करून मतदान होई आणि कायद्याचा मसुदा जिना चढून थोरलीत येई. थोरलीत मतदान नावाची भानगडच नव्हती. वाचकाने एकेक कलम मोठ्याने वाचायचं, एक श्वास थांबायचं, आणि कोणी काही बोललं नाही तर कलम मंजूर. कोणी बोललंच, तर त्याचे शब्द हरकत म्हणून जसेच्या तसे खाली जात. धाकटीने त्यावर लेखी उत्तर द्यायचं. ते ऐकूनही कोणी दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर कलम रद्द. केवढा मोठा अधिकार! पण बैठक भरे दुपारच्या जेवणानंतर. निम्मी सभा डुलक्या घेई आणि उरलेली उघड उघड घोरे.

हा श्वास ज्याच्या छातीतला, त्या वाचकाला कचेरीत सगळे स्वल्पविराम म्हणत. अंगाने काटकुळा, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने नाकासमोर चालणारा. कलम फाशीचं असो की कबुतरांच्या बंदोबस्ताचं, त्याचा श्वास तेवढाच. त्याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. घरीसुद्धा तो वाक्यावाक्याला थांबे. मग ताई म्हणे, "पुढे बोल रे बाबा, माझी हरकत नाही!"

सभाभवनाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची रांग होती. तिच्यातल्या कोपऱ्यावरच्या खोलीत ही बहीणभावंडं राहत. ताईचं शिवणाचं मशीन खिडकीशी, म्हणजे गिऱ्हाईक बाहेरूनच कपडे आत टाकी. चपराशांचे कोट, कारकुनांचे फाटके खिसे, पहारेकऱ्यांच्या तुटक्या गुंड्या. दिवसभर हात रिकामा नसे. आईवडील गेल्यावर याच मशीनवर तिने भावाला शिकवलं. कोणी तिच्या लग्नाचा विषय काढला की ती टाचण्या तोंडात धरून बसे, म्हणजे बोलायलाच नको. भावाला हे सगळं कळत होतं. तिचे उपकार फिटणारे नाहीत हेही कळत होतं, पण तिला तसं म्हणायचं मात्र राहूनच गेलं होतं.

एके दिवशी उद्याच्या वाचनाचा मसुदा चाळताना त्याचं बोट एका कलमावर अडलं. सभाभवनामागील खोल्या पाडून तेथे सदस्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करण्यात यावा. कर्मचाऱ्यांना शहराबाहेर नवी घरं मिळणार होती. तो बसने आला-गेला असता. पण एक गुंडी लावून घ्यायला तिथवर कोण मरायला जाणार?

"वाचणार कोण?" ताईने विचारलं.

"मीच."

"मग त्या कलमाला जरा जास्त थांब की. एखाद्याला बोलायला सुचेल."

"तसं करता येत नाही, ताई."

"येत नाही, की करायचं नाही?"

तो ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ते कलम आलं. त्याने वाचलं, श्वास घेतला, सोडला. मग आणखी एक घेतला. मग आणखी एक. सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं. वर पंखा कुरकुरत होता. वाचकाचा आवाज बंद पडला म्हटल्यावर घोरणारे चाळवले, आणि पहिल्या रांगेतले सर्वांत वयोवृद्ध सदस्य दचकून जागे झाले.

"काय झालं?" ते म्हणाले.

नियम म्हणजे नियम. सचिवांनी निमूटपणे लिहून घेतलं. हरकत : काय झालं?

बैठकीनंतर सचिवांनी त्याला बाजूला घेतलं. "घसा बसला होता का हो?"

"हो," तो म्हणाला. नोकरीतलं पहिलं खोटं, आणि तेही कान लाल करून.

"पुन्हा बसू देऊ नका."

ताईने मात्र ही हकीकत रांगेतल्या दारोदारी सांगितली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कोणी ना कोणी बोलणारच, अशी तिची खात्री झाली होती.

धाकट्या सभेने या हरकतीवर बराच खल केला आणि उत्तर धाडलं. ते वाचायच्या दिवशी थोरली सभा गच्च भरली. वाचक कुठे राहतो याचा बोभाटा एव्हाना वरपर्यंत झाला होता, त्यामुळे आज हा गृहस्थ काय करतो ते बघायला आजारी मंडळीही काठी टेकत आली होती. डुलकी कोणालाच लागत नव्हती. वयोवृद्ध सदस्य तर खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"हरकत : काय झालं? उत्तर : काहीही झालेले नाही," त्याने वाचलं.

आणि तो थांबला. एक श्वास झाला, दुसरा झाला. सचिव खाकरले, तरी तो थांबला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. वयोवृद्धांनी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला, आणि मग सावकाश हात पोटावर बांधले.

त्याने पुढचं कलम वाचलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ताई एका कोटाची कॉलर उलटवत होती. त्याचा चेहरा पाहून तिने मशीन थांबवलं.

"थांबला नाहीस वाटतं?"

"थांबलो, ताई. खूप थांबलो."

"मग? झोपले होते का मेले?"

"नाही," तो म्हणाला. "आज सगळे जागे होते."