दोनदा वजा

"हात वर करायला तुला कोणी सांगितलं होतं? वर्ग भरला होता तिथं?"

"कोणीतरी बोलायला नको का, आई? ती बाई विचारत होती, घरात आणखी कोणी देणारं आहे का. तू, बाबा, आजी, तिघंही फरशीकडे बघत बसलात."

"बसलो होतो. तसंच बसायचं होतं."

मिरानने ओलं फडकं ओट्यावर आपटलं. सोलच्या हॉस्पिटलातून परत येताना आगगाडीत कोणी चकार शब्द काढला नव्हता. इक्सानच्या बाजारातल्या दुकानात पाय ठेवला आणि सगळ्यांना एकदम तोंड फुटलं.

"शटर तरी पूर्ण ओढा," तिचा नवरा ग्युतेक म्हणाला. "समोरची तोफूवाली काम सोडून इकडेच बघतेय."

"बघू दे. उद्या मला विचारण्यापेक्षा आज ऐकूनच घेऊ दे."

मिरानच्या वडिलांचं, आप्पांचं, लिव्हर संपत आलं होतं. घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, एवढाच उपाय. पहिला मान मुलाचा, म्हणून थोरला भाऊ आधी गेला. ज्या काविळीने आप्पांना पोखरलं तीच त्याच्या रक्तात निघाली. ग्युतेकचा रक्तगट जुळला नाही. आई सत्तरीची, तिला कोणी टेबलावर घेणार नव्हतं. उरली मिरान. तिचं सगळं जुळलं, फक्त लिव्हरवर चरबी निघाली. वजन उतरवा, चरबी कमी झाली की तुमचंच घेऊ, असं सांगून डॉक्टरांनी मुदत दिली. त्या मुदतीतले बहुतेक दिवस सरले, आणि आजच्या तपासणीत वजन जेमतेम एक किलोने उतरलेलं, चरबी होती तिथेच. आणखी तीन आठवडे, डॉक्टर म्हणाले. त्यापुढे आप्पांचं शरीर शस्त्रक्रिया सोसणार नाही.

त्यावरच कागदपत्रं बघणाऱ्या बाईने तो प्रश्न विचारला होता, आणि दाओनने, मिरानच्या एकुलत्या एक लेकीने, हात वर केला होता. वीस वर्षांची, काडीसारखी पोर. तिच्यावर चरबी शोधायला गेलं तरी सापडली नसती.

"पोरगी चांगलं वागली तर तिला फाडून खातेस," मिरानची आई कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाली. ती सुक्या मासळीची डोकी मोडत होती. सवयीने हात चालूच होते. "स्वतःचं बघ. दिवसभर चमचा तोंडात."

"चव न बघता विकू?"

"विकायला कोण नको म्हणतंय. मोजताना ते चमचे विसरतेस एवढंच म्हणतेय."

हे मिरानला लागलं. ती काहीही विसरणाऱ्यांतली नव्हती. आप्पांनी भावाला कॉलेजात घातलं आणि तिला शाळा संपताच या दुकानात उभं केलं, तेव्हापासून तयार भाज्या, लोणची, किमची, सगळं तिच्या हातून गेलं होतं. भावाच्या लग्नात वऱ्हाडाला खाऊ घालायला तीच, आप्पांचं पोट पहिल्यांदा पाण्याने फुगलं तेव्हा गाडी बोलवायलाही तीच. आप्पा कधी तिला चांगलं म्हणाले नाहीत. म्हणायची गरज आहे असं त्यांना वाटलं नसावं. तिलाही हळूहळू वाटेनासं झालं. डॉक्टरांनी तिचं नाव घेतलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही, की भीतीही. कामं शेवटी तिच्याकडेच यायची, तसं हेही आलं होतं.

तिने फोन काढून आईच्या नाकासमोर धरला. "हे बघ. चमचान् चमचा लिहिलाय. तिळाच्या तेलात परतलेलं गाजर, एक चमचा. पाकातली मासळी, अर्धा चमचा. कमळकाकडीचा एक काप, तोही अर्धा थुंकला तरी पूर्ण लिहिला."

"मला काय वाचता येतंय ते."

"रंग तर दिसतो. रोज हिरवं आहे. एकदाही लाल नाही. मी खोटं काय केलं ते सांग."

 आई पुन्हा डोकी मोडू लागली. ग्युतेकने उगाचच घसा साफ केला.  मिरानला ओरडायचं नव्हतं, रडायचं तर त्याहून नव्हतं. तिला फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं, की इतकं सगळं नीट केल्यावर शरीर ऐकत का नाही.

"दे इकडे," दाओन म्हणाली.

तिने फोन घेतला आणि ओट्याला टेकून बघू लागली. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आई, हे अ‍ॅप पहिल्यांदा सुरू केलंस तेव्हा कामाबद्दल विचारलं असेल. तू काय भरलंस?"

"जे आहे ते. दिवसभर उभं राहून कष्टाचं काम. खोटं भरू?"

"नाही, बरोबर भरलंस. म्हणून तुला दिवसाला सोळाशे कॅलरी दिलेत. बैठं काम भरलं असतंस तर याहून कमी मिळाले असते. म्हणजे तुझं दुकान या सोळाशेत आधीच धरलंय." ती थांबली. "आणि हे घड्याळ दुकानात हातात असतं का?"

"सकाळी घालते ते झोपताना काढते. बाबांनी घेतलंय ते काय पेटीत ठेवायला?"

ग्युतेक थोडा सरसावला. हालचाल मोजणारं ते घड्याळ त्याने हौसेने आणलं होतं, सवलतीत नव्हे, पुऱ्या किमतीला. आणि तेव्हापासून तो रोज संध्याकाळी विचारायचा, आज किती जाळलंस?

"घड्याळ ते सगळं व्यायामात धरतंय," दाओन म्हणाली. "तू पिंप हलवलंस, कोबी धुतलास, सगळं. हे बघ कालचं. खाल्लं तेवीसशे. जाळलं सातशे. खाल्ल्यातून जाळलेलं वजा केलं की निव्वळ उरले सोळाशे. म्हणून हिरवं."

"मग बरोबरच आहे ना. सातशे जाळले, सातशे परत खाल्ले. तेवढे खा असं फोनच सांगतो. उपाशी राहू नका, अशक्त झालात तर तुमचं घेणार नाही, हे हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी बजावलं होतं."

"त्या सातशेतले चालायचे दीडशे खरे. शाळेच्या मैदानावरच्या फेऱ्या, त्या जास्तीच्या. उरलेले साडेपाचशे दुकानातले. ते तुला आधीच मिळाले होते, आई."

मिरान तिच्याकडे बघत राहिली. शब्द कळत होते, पण आत शिरत नव्हते. दाओन पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली तेव्हा तिने हाताने थांबवलं. ती वजनकाट्याकडे गेली. रिकामा डबा काट्यावर ठेवला, बटण दाबून काटा शून्य केला. मग डब्यात मोड आलेल्या सोयाबीनची भाजी घातली.

"हे गिऱ्हाइकाला द्यायचं निव्वळ वजन," ती कोणाकडेही न बघता म्हणाली. "डबा गेलाय यातून. आता मी पुन्हा डब्याचं वजन यातून वजा केलं, तर भाजी आहे त्याहून कमी दिसेल."

"हो."

"मग मी म्हणेन, कमी पडतेय, अजून घाला."

"हो, आई."

"रोज हेच केलं मी."

 मिरानने डबा काट्यावरून उचलला. गिऱ्हाइकाच्या बाबतीत तिच्या हातून ही चूक जन्मात झाली नसती. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत तिने ती रोज केली, मन लावून केली. संध्याकाळी मैदानावरून आल्यावर फोन सांगायचा, अजून एवढं खाता येईल, आणि ती खायची. कित्येकदा भूक नसतानाही, औषध घ्यावं तशी, वाटीभर भात. ज्या दिवसांत आप्पांसाठी तिचं लिव्हर हलकं व्हायचं होतं, त्या दिवसांत ती होती तेवढीच राहिली होती. एवढ्या धडपडीतून निघालं काय, तर एक किलो.

"मला काय ठाऊक," ग्युतेक पुटपुटला. "दुकानात ते असं धरतं ते."

"तुम्हाला कोणी काही म्हटलंय का?"

"नाही. पण तू बघतेयस तशी."

आईने मासळीची टोपली बाजूला सारली आणि ती उठली. दुपार उलटून गेली होती आणि सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. तिने भात वाढला, किमची काढली, खारवलेला मासा तव्यावर गरम केला. चौघं मागच्या खोलीतल्या बुटक्या मेजाभोवती बसली. मिरानने आपली वाटी अर्धी परत भांड्यात रिकामी केली. आईने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग जेवणाच्या काड्यांनी माशाचा पोटाकडचा मऊ भाग सोडवला, काटे एकेक वेचून काढले आणि तो तुकडा दाओनच्या भातावर ठेवला.

"खा. रक्त चांगलं राहायला हवं."

मिरानच्या काड्या हातातच राहिल्या. दाओन कॉलेजातून आली तेव्हापासून, आठवडाभर, हे चाललं होतं, आणि तिला ते आत्ता दिसलं. मासा दाओनला. अंडं दाओनला. समुद्री शेवाळाचं सूप, मांस घालून, दाओनला. याआधी या घरात माशाचं पोट आप्पांच्या वाटीत जायचं, त्यांच्यामागून भावाच्या.

"आई, तिच्या वाटीत कशाला?"

"नातीला घालायची चोरी आहे का?"

"इतकी वर्षं नव्हतं घातलंस."

"आजी, राहू दे," दाओन म्हणाली आणि तुकडा परत ठेवायला गेली. म्हातारीने तिचा हात धरला.

"काय राहू दे? आज सकाळी त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. विचारत होते, म्हैस बांधलीस का. कुठली म्हैस? पन्नास वर्षं त्यांच्याबरोबर काढली, त्यात कधी म्हैस नव्हती." तिने दाओनचा हात सोडला नव्हता. "माझं घ्या म्हणून मी त्या डॉक्टरच्या पाया पडले. हसला तो. चांगला मुलगा आहे, पण हसला. आता ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मी बघणार नाही तर कुठे बघू? तुझं मोजून मोजून हे असं झालं. मी काय करू, सांग."

 ग्युतेक वाटीत बघत होता. दाओनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ती हळूच म्हणाली, "मला चालेल, आई. खरंच. दोन महिन्यांत लिव्हर वाढून पूर्ववत होतं म्हणतात."

मिरानने तिच्याकडे पाहिलं. लहानपणी अपेंडिक्स काढलं तेव्हाची या पोरीच्या पोटावरची बोटभर खूण तिला आठवली, आणि आता डॉक्टर हाताने दाखवायचे ती खूण, बरगडीपासून बेंबीपर्यंतची. तिच्या स्वतःच्या पोटावर ती तिने कधीच मान्य करून टाकली होती. लेकीच्या पोटावरच्या त्या खुणेला ती हात लावू शकत नव्हती, मनातल्या मनातही. आणि आप्पांचा पिवळा पडलेला चेहरा, चादरीवर म्हैस शोधणारी बोटं, तीही डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्ही एकदम बघता येत नव्हतं. तीन आठवड्यांत चरबी उतरेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नव्हतं.

तिने मनगटावरचं घड्याळ काढून मेजावर ठेवलं. मग दाओनच्या वाटीतला मासा उचलून परत ताटलीत टाकला.

"आता मी बोलते, मध्ये कोणी बोलायचं नाही," ती म्हणाली. आवाज एरवी हिशेब सांगताना असायचा तसाच होता. "उद्यापासून दुकानातली चव आई बघेल. मला जेवढं खायचं ते मी एकदा सकाळी वाढून घेईन, माझ्या वाटीत कोणी काही घालायचं नाही. दाओन उद्याच्या गाडीने कॉलेजला परत जाईल. तिच्यासाठी घरच्यांची सही लागते असं ती बाई म्हणाली, ती सही मी करणार नाही आणि हेही करणार नाहीत. तीन आठवड्यांनी माझं लिव्हर चाललं तर मी देईन. नाही चाललं तर या घरातून आप्पांना कोणी देणार नाही. ते गेले तर ते माझ्यामुळे गेले, असं तुम्ही भावाला सांगा, बाजारात सांगा, मला तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन."